सांध्याला ऊब सोसत नाही

भिंगरीला कोणी खुर्ची दिली की ती खुर्चीवर पिशवी ठेवायची आणि स्वतः उभी राहायची. तिला चांगलं चारचौघींसारखं नाव होतं, पण ते पुरतं उच्चारून होईपर्यंत बाई पलीकडच्या खोलीत पोचलेली असायची. म्हणून कारखान्यात कोणीतरी भिंगरी म्हणायला लागलं आणि तेच चिकटलं. जेवायला बसली की मीठ आणायला उठणार, मीठ आणलं की खिडकी लावायला, आणि आता उठलेच आहे तर म्हणून सगळ्यांचे पेले भरणार. तिचा नवरा शिंपी. दिवसचे दिवस मशीनपुढे बूड न हलवता बसणारा माणूस. लोक त्याला विचारायचे, तुमचं दोघांचं जमतं तरी कसं? तो दोरा दातांनी तोडत म्हणायचा, "सोपं आहे. दोघांच्या वाट्याचं बसणं मी बसतो."

आता अशा बाईला काम काय मिळावं, तर वाट बघण्याचं. नशीब चेष्टा करतं ती अशी.

ती ज्या कारखान्यात होती तिथे सिरॅमिक आणि धातू एकमेकांना जोडत. ऐकायला सोपं वाटतं, पण ही दोघं म्हणजे एकमेकींचं तोंड न बघणाऱ्या जावा. तापवलं की धातू फुगतो, सिरॅमिक आपलं जागच्या जागी. चांदी आणि तांब्याची झाळ वितळवून दोघांच्या मध्ये सोडावी, तर धातू ती लगेच पिऊन घेतो आणि सिरॅमिकवर तिचे नुसते थेंब होऊन घरंगळतात, अळवावरचं पाणी जसं. मग त्या झाळेत चिमूटभर टायटॅनियम घालायचं. टायटॅनियम सिरॅमिकचा हात धरतं आणि धरलं की सोडत नाही. फक्त हे सगळं निर्वात भट्टीत करायचं, कारण टायटॅनियमला हवेतल्या ऑक्सिजनची भारी हाव. हवा दिसली की ते सिरॅमिकला सोडून तिच्याच मागे लागतं. निर्वात भट्टीतून सांधा बाहेर यायचा तो चांदीसारखा लखलखीत, आणि इतका घट्ट की त्यातून वायूचा कणसुद्धा जाणार नाही.

जोडणारे दुसरे होते. भिंगरीचं काम सांधे मारण्याचं. तयार झालेल्यांपैकी काही सांधे ती साध्या, उघड्या हवेच्या भट्टीत ठेवायची, तापमान चढवत न्यायची आणि कितव्या अंशाला कोण मान टाकतो ते बघायची. ठेवलेल्या तुकड्याकडे ती काचेतून इतक्या वेळा डोकावायची की बिचारा लाजेनेच लाल होत असेल, असं मोठ्या बाई म्हणायच्या. मोठ्या बाई म्हणजे तिथल्या इंजिनियर. कुठल्या सांध्याला कुठली झाळ हे त्या ठरवायच्या आणि त्यांचं ठरवणं सहसा चुकत नसे.

चांदी-तांब्याच्या या सांध्याची लक्ष्मणरेषा चारशे अंश. हवेत असेल तर त्याच्या आतच राहायचं. पाचशेच्या आसपास तांबं काळं पडायला लागतं, आणखी वर गेलं की हवा आत शिरते आणि टायटॅनियम धरलेला हात सोडतं. याहून जास्त ताप सोसणाऱ्या झाळी होत्या, सोन्याच्या, निकेलच्या, पण त्यांचे नखरे वेगळे आणि त्या लागायच्या तिथेच लागायच्या. भिंगरीला सगळ्यात चीड यायची ती एका गोष्टीची. मेलेला सांधा मेलेला दिसत नाही. जागच्या जागी उभा असतो, जणू काही झालंच नाही, आणि एक दिवस कोणी बोट लावतं आणि तो उकलतो. माणसाने निदान कण्हावं तरी, असं ती म्हणायची.

हे झालं तिचं काम. तिचा जीव मात्र दुसरीकडेच अडकलेला होता, धाकट्यात.

धाकटा म्हणजे तिचा भाऊ. आई गेली तेव्हा त्याला बुटाची नाडीसुद्धा बांधता येत नव्हती. वडील होते, पण ते असून नसल्यासारखे. भिंगरीने त्याला न्हाऊ घातलं, शाळेत पोचवलं, त्याच्या मारामाऱ्या निस्तरल्या, त्याला ताप आला की रात्रभर येरझाऱ्या घातल्या. तो म्हणायचा, अक्का, तू बसलीस तर मला झोप येईल. पण बसेल ती अक्का कसली. आता तो चांगला ताडमाड वाढला होता, वरच्या मजल्यावर त्याचा वेगळा संसार होता, तरी तो कामावरून आल्याची पावलं जिन्यावर वाजेपर्यंत भिंगरी खालच्या खोलीत भांडी उगाच इकडची तिकडे करत असायची.

धाकटा एका मोठ्या कारखान्यात भट्टीवर होता. तिथे पोलादाचे सुटे भाग हायड्रोजन भरलेल्या भट्टीत तापवत, म्हणजे ते काळे न पडता चकचकीत निघतात. त्या भट्टीच्या मानेतून विजेची तार आत जायची आणि तार जिथे आत शिरते तिथे सिरॅमिकचा सांधा लागायचा. जुना सांधा गेला तेव्हा धाकट्यानेच आपल्या फोरमनला सांगितलं, माझी बहीण जिथे काम करते तिथून मागवा. मोठ्या बाईंनी जागा बघितली, मोजमापं घेतली. मान भट्टीच्या बाहेर, उघड्यावर, तिथे तीनशेच्या वर पारा जात नाही. म्हणजे चांदी-तांबं चालेल. भिंगरीने त्याच घाण्यातले चार सांधे भाजून मारले आणि मगच पाचवा धाकट्याच्या हातात दिला. तो बसवला गेला आणि काम सुरू झालं. महिने गेले, भट्टी सुरळीत होती, आणि भिंगरीच्या लेखी तो विषय संपला होता.

त्या दिवशी दुपारच्या चहाला ती नेहमीसारखी कप हातात घेऊन व्हरांड्यात फिरत होती. फोन वाजला. घरच्या ग्रुपवर धाकट्याने फोटो टाकला होता. नवं हेल्मेट, छाती पुढे, मागे भट्टी, आणि खाली लिहिलेलं, आजपासून शिफ्टचा इन्चार्ज. शिंप्याने लगेच अंगठा पाठवला होता. भिंगरीने दोन बोटांनी फोटो मोठा केला तो भावाचा चेहरा बघायला. वाळलाय मेला, असं ती पुटपुटली. मग बोट जरा सरकलं आणि त्याच्या खांद्यामागे भट्टीची मान दिसली.

तिथे तिचा सांधा दिसायला हवा होता, पांढरी नळी आणि तिच्यावर धातूची चकाकती कॉलर. तिथे होतं पांढरं गाठोडं. भट्टीच्या भिंतीत भरतात ती सिरॅमिकची लोकर, छान तीन-चार पदरी, वरून तारेने आवळलेली. दुपट्यात गुंडाळलेलं तान्हं बाळ जसं.

भिंगरीने कप कठड्यावर ठेवला. तो सांधा जगत होता तो केवळ उघड्यावर होता म्हणून. भट्टीतून येणारी धग हवेत निघून जायची म्हणून तो तीनशेवर राहायचा. लोकर गुंडाळली की धग जाणार कुठे? आतल्या आत साठणार. सहाशे, कदाचित वरही. आणि ती लोकर काही हवाबंद नसते, तिच्यातून ऑक्सिजन मजेत आत जातो. म्हणजे सांध्याला ताप दुप्पट आणि हवा आहे तितकीच. त्याच्या पलीकडे भट्टीभर हायड्रोजन. त्याला ना रंग, ना वास. गळाला तर कळत नाही, पेटला तर दिवसाउजेडी त्याची ज्योतसुद्धा नीट दिसत नाही. आणि त्याच्यासमोर नवं हेल्मेट घालून हसणारा धाकटा.

तिने फोन लावला. बंद. फोटोपुरता फोरमनने फोन आत आणू दिला असेल, एरवी भट्टीवर फोन न्यायची बंदी होती आणि सगळ्यांचे फोन कपाटात असत. कारखान्याच्या ऑफिसात लावला तर आधी संगीत ऐकवलं, मग एका मुलीने निरोप देते म्हणून गोड आवाजात सांगितलं आणि ठेवून दिला. भिंगरी मोठ्या बाईंच्या खोलीत शिरली ती दार न वाजवता. बाईंनी फोटो बघितला, चष्मा काढला, पुन्हा बघितला. कोणाचं काम हे, वगैरे काही त्यांनी विचारलं नाही.

"तू नीघ," त्या म्हणाल्या. "मी त्यांच्या फोरमनला कुठूनही शोधून काढते. आणि एक लक्षात ठेव, भट्टी गरम असताना ती लोकर कोणाला काढू देऊ नकोस. गार हवा एकदम लागली तर जे काही धरून आहे तेही सुटेल."

भिंगरी बसमध्ये चढली आणि अर्थातच उभी राहिली. बस पुलाखाली अडकली. पुढे एक ट्रक आडवा झालेला आणि दोन ड्रायव्हर एकमेकांची अक्कल काढत असलेले. दोन मिनिटं तिने दांडा धरून काढली, मग उतरली आणि चालायला लागली. चालायला कसली, पळायलाच. आणि सगळ्या वाटेवर ती ज्याने लोकर गुंडाळली त्याला शिव्या घालत होती. कुठल्या दीडशहाण्याने हे केलं असेल? कुठल्या गाढवाला वाटलं असेल की भट्टीला थंडी वाजते? वीज वाचवायला केलं असेल, दुसरं काय! हात मोडले पाहिजेत त्याचे. एक आजोबा फुटपाथवरून दचकून बाजूला झाले, कारण ती हे सगळं मोठ्याने बोलत होती.

शिव्या संपल्या की भीती वर यायची, म्हणून ती शिव्या संपू देत नव्हती. धाकट्याला काही झालं तर? हा प्रश्न मनात आला की पाय अडखळायचे. कुठे मोठा आवाज झाला की ती त्या कारखान्याच्या दिशेने आकाशात बघायची. धूर नव्हता. तिला रडूही येत होतं आणि रडायला वेळ नव्हता. तिने सगळ्या आयुष्यात इतकी घाई केली होती, दुधासाठी, बससाठी, कुकरच्या शिट्टीसाठी, आणि आज खरोखर घाई होती तर रस्ता संपता संपत नव्हता.

गेटवर वॉचमनने पास मागितला. पास नाही म्हटल्यावर बसा म्हणाला. त्याने अगदी आदराने स्टूल पुढे केलं. भिंगरीने त्या स्टुलाकडे अशी नजर टाकली की त्याने ते मागे घेतलं. तेवढ्यात आतून फोरमन धावत आला. मोठ्या बाईंनी त्याला गाठलं होतं. माणूस वाईट नव्हता, घाबरलेला होता आणि घाबरल्याचं दिसू नये म्हणून वैतागलेला होता. चालता चालता त्याने सांगितलं की गळतीचा अलार्म गप्प आहे, आत गिऱ्हाइकाचा माल आहे, तरी त्याने इंटरकॉमवरून इन्चार्जला कळवलंय की त्या लोकरीमुळे धोका आहे आणि भट्टी बंद करायची आहे. शिफ्ट संपेपर्यंत थांबलं असतं तर बरं झालं असतं, असंही तो म्हणाला.

"अलार्म वाजेल तेव्हा तुम्हाला तो ऐकायला सवड मिळायची नाही," भिंगरी म्हणाली. फोरमनने चालायचा वेग वाढवला.

शेडचं दार उघडलं. धाकटा भट्टीच्या मानेपाशी शिडीवर उभा होता. हातात जाड मोजे आणि पक्कड. लोकरीमुळे धोका आहे एवढंच त्याने ऐकलं होतं, म्हणजे लोकर काढली की धोका गेला, असा त्याने सरळ हिशेब केला. पक्कड तारेवर टेकली होती. शेजारी, सगळ्यांना वारा लागावा म्हणून लावलेला, माणसाच्या उंचीचा पंखा घरघरत होता.

"धाकट्या, हात लावू नकोस!"

ती ओरडली ती अशी की फोरमनही जागच्या जागी थांबला. धाकट्याचा हात लहानपणापासूनच्या सवयीने थांबला. अक्का इथे कशी, हे त्याला कळायच्या आत ती शिडीशी पोचली होती. तिने त्याच्या पँटला धरून त्याला खाली उतरवलं, पंखा बंद केला आणि मग काय करायचं ते सांगितलं. हायड्रोजन बंद करून त्याच्या जागी नायट्रोजन सोडायचा आणि तापमान हळूहळू, अगदी हळूहळू उतरवायचं. फोरमनला ते सगळं माहीत होतं आणि तो लगेच कामाला लागला. बाकीच्या माणसांना त्याने बाहेर काढलं. पण पॅनेलपाशी एकाने थांबणं भाग होतं. भट्टी थंड होते तसा आतला वायू आक्रसतो आणि नायट्रोजन कमी पडला तर बाहेरची हवा आत ओढली जाते. हे काम इन्चार्जचं. धाकटा थांबला.

फोरमनने भिंगरीला बाहेर जायला सांगितलं. तिने एक रिकामं पिंप आडवं केलं, भावाच्या शेजारी ठेवलं आणि त्याच्यावर बसली. बसलीच. हात मांडीवर, पाय जमिनीला टेकलेले. आता घाई करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. भट्टी घाईने थंड केली तर सांधा जाणार, आणि ती स्वतः इकडे तिकडे करत राहिली तर धाकट्याचं लक्ष पॅनेलवरच्या तापमानाच्या काट्यावरून उडणार. धाकट्याने तिच्याकडे दोनदा वळून बघितलं. त्याने तिला इतका वेळ बसलेलं कधी बघितलं नव्हतं, आणि मला वाटतं, त्यालाही खरी भीती वाटली ती तेव्हाच.

काटा बराच खाली आल्यावर तिने विचारलं.

"कोणी गुंडाळलं रे ते?"

"मी."

तिला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"तूच म्हणाली होतीस ना," धाकटा काट्यावरची नजर न काढता म्हणाला. "सांधा दिलास तेव्हा. सिरॅमिक आहे, गरम असताना गार वारा लागला तर तडकेल, जप त्याला. हा पंखा त्याच्या अगदी समोर येत होता. मला वाटलं, अक्काने एवढी जीव लावून केलेली वस्तू... म्हणून बसवला त्याच आठवड्यात गुंडाळला."

वाटभर घातलेल्या सगळ्या शिव्यांना आता पत्ता सापडला होता. तिला ती सकाळ आठवली. एक पाय चपलेत, एक बाहेर, खांद्यावर पिशवी, आणि जिन्याच्या मधल्या पायरीवर तिने धाकट्याला ते सांगितलं होतं. सिरॅमिकला गार वाऱ्याची भीती, हे खरंच होतं. पुढचं अर्धं सांगायचं होतं, की झाळेला उबेची भीती, म्हणून त्याला उघडाच ठेव. पण बस दिसली आणि ती पळाली. मोठ्या बाईंनी जागा ठरवली, तिने सांधे मारून बघितले, धाकट्याने जपलं. सगळ्यांनी आपापलं काम नीट केलं होतं, फक्त तिने वाक्य पुरं केलं नव्हतं.

मग तिने ते पुरं केलं. पहिल्यापासून सांगितलं, तांबं कसं काळं पडतं, टायटॅनियम कसा हात सोडतं, सांधा बाहेरून कसा तसाच दिसतो. एका जागी बसून, मध्ये न उठता. धाकटा ऐकत राहिला आणि नायट्रोजनची चावी थोडी थोडी फिरवत राहिला.

"मी डबा तिथेच खायचो," तो मध्येच म्हणाला. "मानेखाली, भट्टीच्या भिंतीला पाठ लावून. तिकडे छान ऊब असायची."

भिंगरीने त्याचा मोजा घातलेला हात एकदा चाचपला आणि काट्याकडे बघायला सांगितलं.

भट्टी हात लावण्याइतकी थंड झाली तेव्हा फोरमन परत आला. धाकट्याने तार कापली आणि लोकर पदर पदर करून उलगडली. बाहेरचे पदर पांढरे होते, आतला तपकिरी. आत सांधा उभा होता. कॉलरच्या कडेने जिथे चांदीची रेघ असायची, तिथे करपलेल्या तव्याच्या बुडासारखी काळी खपली होती. फोरमन म्हणाला, पण उभा तर आहे की. धाकट्याने मोजा काढला आणि नळीला नुसतं बोट लावलं. नळी हातात आली. तडा नाही, आवाज नाही. आता थंड होताना तिने शेवटची पकड सोडली, की गेले कित्येक दिवस ती नुसत्या त्या खपलीच्या आधाराने उभी होती, हे नंतर मोठ्या बाईंनाही नक्की सांगता आलं नाही.

फोरमन खाली वाकला आणि गुडघ्यांवर हात ठेवून तसाच राहिला. धाकट्याने नळी भिंगरीपुढे धरली. ती बघून घेईल, काय झालं ते सांगेल, ते तिचं कामच होतं. भिंगरीने नळीकडे बघितलं नाही. तिने त्याचं हेल्मेट काढलं, त्याच्या केसांतून, मानेवरून, पाठीवरून हात फिरवला, लहान मूल पडल्यावर कुठे लागलंय का बघतात तसा. मग त्याचं मनगट धरलं आणि ती हमसून हमसून रडायला लागली. बाहेर गेलेली माणसं आता दारात येऊन उभी राहिली होती.

"अक्का, सोड ना," धाकटा हळूच म्हणाला. "सगळे बघतायत."

"बघू देत," ती म्हणाली आणि तिने मनगट सोडलं नाही.